साळवेभाऊंचे पाच ठोके

साळवेभाऊंची आणि माझी ओळख भांडणाने झाली, आणि त्या भांडणात मी हरले.

अंबरनाथ एमआयडीसीत साखर कारखान्यांसाठी उसाच्या रसाचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटी विभागात नुकतीच लागले होते. हातात डिप्लोमा, अंगात निळा कोट आणि डोक्यात बरीचशी हवा. तिसऱ्याच दिवशी लेथवरून आलेला एक शाफ्ट केसाहूनही बारीक फरकाने कमी भरला, म्हणून मी त्याच्यावर लाल खडूने फुली मारली. पाच मिनिटांत एक पंचेचाळिशीचा, सडपातळ, काळासावळा माणूस माझ्या टेबलासमोर उभा. कानामागे पेन्सिल, हाताला तेल.

"मॅडम, हा कमी नाहीये."

"मोजलाय मी."

"मोजला असेल. पण टूल कापत होतं तेव्हा मी ऐकलंय. कुठे अडखळलं नाही."

मला हसू आलं. "ऐकून माप कळतं का?"

"माप नाही कळत," तो शांतपणे म्हणाला. "चूक कळते. तुमचा मायक्रोमीटर एकदा तपासून घ्या ना."

सुपरवायझरसमोर मायक्रोमीटर तपासला. त्याचा शून्यच सरकलेला होता. मी माझ्याच रुमालाने ती फुली पुसली. मला वाटलं, आता हा माणूस सगळ्या शॉपमध्ये माझी शोभा करणार. तो फक्त म्हणाला, "तुमचं नाही चुकलं, यंत्राचं चुकलं. पण फुली माझ्या कामावर होती, म्हणून आलो."

हे यशवंत साळवे. कंपनीत सगळे त्यांना साळवेभाऊ म्हणायचे. पुढची बारा वर्षं मी त्यांच्या लेथपासून वीस पावलांवर बसले. त्या बारा वर्षांत मी त्यांच्याकडून लेथकामाबद्दल थोडंफार शिकले. जास्त शिकले ते अशा एका गोष्टीबद्दल, जिचं नावही मी तोवर नीट ऐकलं नव्हतं.

त्यांच्या शर्टाच्या खिशात वीतभर लांबीच्या दोन शिसवी लाकडाच्या कांड्या असत. स्वतःच्या हातांनी लेथवर घोटून केलेल्या, पॉलिश न करता गुळगुळीत झालेल्या. जेवणाच्या सुट्टीत भाकरी खाऊन झाली, डबा धुऊन झाला, की ते पॅकिंग विभागाच्या सावलीत जाऊन बसत. एक कांडी डाव्या हाताच्या खोलगट मुठीवर अलगद ठेवत, जणू दाबली तर मोडेल, आणि दुसरीने तिच्यावर ठोके देत. टाक्... टाक्... टाक्. मग थोडं थांबून, टाक् टाक्. पुन्हा तेच. पुन्हा तेच. वीस मिनिटं.

पहिले काही महिने मला तो छंद वाटला. कुणी तंबाखू मळतं, कुणी पत्ते पिसतं, हे ठोके देतात. एकदा मी धीर करून विचारलं, "भाऊ, नेहमी एकच का वाजवता? कंटाळा नाही येत?"

त्यांनी मला समोरच्या खोक्यावर बसायला सांगितलं. "टाळी वाजवा. मी दाखवतो तशी."

मला वाटलं, पाच तर टाळ्या, त्यात काय. पण दुसऱ्याच फेरीत माझा हात घसरला. तिसरी टाळी पुढे पळायची, चौथी भलत्याच जागी पडायची.

"सोळा मात्रा धरा," ते म्हणाले. "तीनतालात असतात तेवढ्याच. त्यातल्या फक्त पाचांवर ठोका आहे. अकरा जागा रिकाम्या. लोक ठोके पाठ करतात, जागा पाठ करत नाहीत. म्हणून पडतात." मग कांड्या खिशात ठेवून म्हणाले, "ह्याला क्लावे म्हणतात. हे सगळ्याच्या खाली असतं. वर कितीही ढोल वाजू दे, तुताऱ्या वाजू दे, गाणारा कुठेही जाऊ दे, सगळे ह्या पाच ठोक्यांना धरून असतात. कधी कधी तर हे कुणी वाजवतही नाही. तरी सगळ्यांना ऐकू येत असतं."

"कुठलं संगीत हे?"

"लोक साल्सा म्हणतात. पण ते नाव नंतरचं. डब्यावर चिकटवलेलं." आणि मग त्यांचं ते ठेवणीतलं वाक्य, जे मी पुढे शंभर वेळा ऐकलं: "लेबल वाचू नका मॅडम, माल बघा."

*

उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये दोन खोल्यांत राहणाऱ्या एका टर्नरपर्यंत हा माल पोचला कसा, हे मला त्यांनी नाही सांगितलं. ते मला परसरामदादांनी सांगितलं.

माझ्या आईचा जुना रेडिओ बिघडला होता. साळवेभाऊ म्हणाले, "चला, माझ्या माणसाकडे नेतो." एका शनिवारी दुपारी कॅम्प दोनच्या बाजारात, झिपा आणि बटणांच्या दुकानांमधून वाट काढत आम्ही एका बोळवजा दुकानात शिरलो. भिंतभर उघडे टेपरेकॉर्डर, वायरी, मोटरी. काउंटरमागे जाड चष्म्याचे, सत्तरीचे सिंधी गृहस्थ, म्हणजे परसरामदादा. साळवेभाऊंना बघून त्यांचा चेहरा फुलला. "आओ आओ, खराद मास्टर!" लेथला तिकडे खराद म्हणतात.

मी विचारलं, तुमची ओळख कशी? परसरामदादांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"बेटी, ये तब आयटीआय से निकला-निकला था. टेप का छोटा पुली बना के देता था मेरे को. एक दिन पुली देने आया, और मैं एक मशीन टेस्ट कर रहा था. मेरा बड़ा भाई पनामा में है, कोलोन पोर्ट पे दुकान है उसका. उसने मशीन के साथ एक कॅसेट भेजा था उधर के गाने का. मैं उसको टेस्टिंग में चलाता था. क्यों, कि उसमें ताल एकदम पक्का है. मशीन का स्पीड थोड़ा भी ढीला हो तो तुरंत पता चलता है."

"मग?"

"मग काय," दादा आता मराठीत आले, "हा उभा राहिला. पुली हातात, आणि हा उभा. गाणी संपली तरी उभा. मी बोललो, भाई, तबियत ठीक आहे ना? तर बोलतो, पुन्हा लावा. मी बोललो, नवीन कॅसेट देतो, हिंदी गाने आहेत. तर बोलतो, नाही, हेच. विकत द्या. मी बोललो, टेस्टिंगचा आहे, नाही विकणार!" दादा हसत सुटले. "मग हा दर रविवारी यायला लागला. बसायचा नाही. उभा राहून ऐकायचा. ह्या काउंटरवर बोटं मारायचा. सहा महिने!"

साळवेभाऊ मान खाली घालून एका मोटरीशी खेळत होते.

सहा महिन्यांनी परसरामदादांनी भावाला पत्रात गंमत म्हणून लिहिलं, की इथे एक खरादवाला मुलगा तुझ्या टेस्टिंगच्या कॅसेटसाठी वेडा झालाय. पुढच्या मालाबरोबर पनामाहून एक वेगळं खोकं आलं. वर सिंधीत लिहिलेलं: खरादवाल्या मुलासाठी. आत तीस-पस्तीस कॅसेट, काही तबकड्या आणि एक पत्र. भावाने लिहिलं होतं, मी सतराव्या वर्षी इथे आलो तेव्हा मला इथली भाषा येत नव्हती, कुणी ओळखीचं नव्हतं. शेजारच्या दुकानात दिवसभर हे वाजायचं. मी स्पॅनिश ह्या गाण्यांतून शिकलो. उल्हासनगरात ते कुणाला तरी ऐकावंसं वाटलं, हे वाचून मी दुकान बंद करून थोडा वेळ बसून राहिलो.

रेडिओ दुरुस्त झाला. परतताना डोक्यात तेच होतं. सिंधमधून उठलेलं एक कुटुंब, त्यातला एक भाऊ ह्या टोकाला, एक त्या टोकाला, आणि त्यांच्यामधल्या समुद्रावरून खोक्यात बसून आलेलं गाणं. आपण ज्या बाजारात झिपा आणि बटणं घ्यायला जातो, तिथे हे घडलं होतं, आणि मला बत्तीस वर्षांत त्याचा पत्ताही नव्हता.

*

त्या तबकड्यांच्या पाकिटांवर स्पॅनिशमध्ये बारीक टायपात मजकूर असे. साळवेभाऊंनी तो वाचायचं ठरवलं. दादरच्या पदपथावर मिळालेला एक फाटका शब्दकोश आणि शंभर पानी वही, एवढ्या सामग्रीवर. ती वही मी पाहिली आहे. डावीकडे देवनागरीत स्पॅनिश शब्द, उजवीकडे मराठी. मानो: हात. कोरासोन: काळीज. माद्रे: आई. एका पानावर फक्त एक शब्द होता, असूकार: साखर. त्याखाली त्यांनी लिहिलं होतं, 'हा आपलाच शब्द. शर्करा. इथून अरबांकडे, तिथून स्पेनला, तिथून क्युबाला. उसाबरोबर गेला.'

"बघा ना," एकदा ते म्हणाले, "आपण पंप बनवतो उसाच्या रसाचे. आणि हे सगळं गाणं उसातूनच निघालंय."

मग त्यांनी तुकड्यातुकड्याने, कित्येक जेवणाच्या सुट्ट्यांत मिळून, मला ती गोष्ट सांगितली. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं पकडून क्युबात नेली, उसाच्या मळ्यांत राबायला. त्यांचं नाव काढून घेतलं, देव काढून घेतले, भाषा काढून घेतली. पुष्कळ ठिकाणी ढोलही काढून घेतले, कारण ढोलांवरून हे लोक एकमेकांना निरोप देतील अशी मालकांना भीती. मग त्यांनी सुक्या मासळीची खोकी वाजवली. मेणबत्त्यांच्या पेट्या वाजवल्या. हवानाच्या गोदीत जहाजांना ठोकायच्या कडक लाकडी खुंट्या असत, म्हणतात त्यातल्याच दोन कुणीतरी एकमेकींवर आपटून पाहिल्या. आवाज गोदीपार गेला.

"गोदी कामगार," साळवेभाऊ खिशावर हात ठेवून म्हणायचे. "आपल्यासारखाच कुणीतरी. शिफ्ट संपली असेल त्याची."

मालकांची गिटार आणि गुलामांचा ताल क्युबाच्या पूर्वेकडच्या डोंगरात एकत्र आले. तिथून हवानाला, तिथून पोट भरायला निघालेल्या क्युबाच्या आणि पोर्तो रिकोच्या माणसांबरोबर न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांत. तिथे त्यात पितळी ट्रॉम्बोन शिरले, शहराची घाई शिरली, आणि तबकड्या विकणाऱ्यांनी सगळ्याला मिळून एक चटकदार नाव दिलं. साल्सा म्हणजे चटणी. "पाच-सहा भाज्या वेगळ्या नावांनी खपेनात, म्हणून एकच पावभाजी," हे साळवेभाऊंचं स्पष्टीकरण.

पण सगळ्यात जास्त ते एका गोष्टीवर थांबायचे. खलाशांनी ह्याच तबकड्या आफ्रिकेच्या बंदरांत नेल्या. तिथल्या लोकांनी त्या ऐकल्या आणि म्हणाले, हे तर आपलंच आहे.

"ज्या किनाऱ्यावरून माणसं नेली, मॅडम," ते सावकाश म्हणाले, "त्याच किनाऱ्यावर. माणसं नाही परत येऊ शकली. ठोका आला."



*

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. हा माणूस कांड्या वाजवी, पॅकिंगच्या देवदारी खोक्यावर बसून त्याच्या पाठीवर असा काही हात चालवी की स्टोअरमधली माणसं काम सोडून येत. पण त्यांनी कधी ढोलकीला, तबल्याला, कशाकशाला हात लावला नाही. कंपनीच्या गणपतीत कुणीतरी ढोलकी त्यांच्या मांडीवर ठेवायला गेलं, तर ते हात जोडून उठून गेले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "आप्पांना शब्द दिलाय."

आप्पा म्हणजे त्यांचे वडील. नगर जिल्ह्यातल्या त्यांच्या गावात हलगी वाजवणं हे साळव्यांच्या घराकडे होतं. आवड म्हणून नाही. गावकीचं काम म्हणून. जत्रा असो, दवंडी असो, कुणाची मयत असो, बोलावणं आलं की जायचं, लांब उभं राहायचं, वाजवायचं, आणि टाकलेलं उचलून परत यायचं. आप्पा म्हणे विलक्षण वाजवत. छप्पन साली वस्तीने दीक्षा घेतली. त्यानंतर एका सकाळी वस्तीतल्या सगळ्या हलग्या एका जागी आणल्या आणि पेटवल्या. आप्पा तेव्हा विशीत होते. त्यांनी स्वतःची हलगी स्वतःच्या हाताने आगीवर ठेवली. पुढे अंबरनाथला कारखान्यात लागले, मुलांना शिकवलं, आणि मुलांकडून एकच वचन घेतलं: ह्या घरात पुन्हा चामड्यावर हात पडणार नाही.

"मी आप्पांपासून चोरून ऐकायचो," साळवेभाऊ म्हणाले. "परसरामदादांकडे, नाहीतर कानात इअरफोन घालून. कितीतरी वर्षं. एकदा रविवारी दुपारी आप्पा बाहेर गेलेत असं समजून मी टेप मोठा लावला आणि खोकं घेऊन बसलो. डोळे उघडले तर आप्पा दारात."

आप्पांनी चपला काढल्या. खाटेवर बसले. विचारलं, "कोणाचं वाजवतोस हे?"

साळवेभाऊंनी घाबरत घाबरत सगळी गोष्ट सांगितली. उसाचे मळे, जहाजं, फटके, मासळीची खोकी.  शेवटी आप्पांनी विचारलं, "त्यांना वाजवायला बोलावत होते?"

"नाही आप्पा. वाजवलं तर मारत होते."

"वाजवलं तर?"

"हो."

आप्पा जमिनीकडे बघत म्हणाले, "आम्ही नाही वाजवलं तर मारायचे."

खोलीत टेप चालूच होता.

"म्हणून आम्ही सोडलं," आप्पा म्हणाले. "आणि म्हणून त्यांनी धरलं. दोन्ही बरोबर आहे." मग बोट उचलून: "चामडं नको. लाकडाला माझी हरकत नाही."

त्यानंतर दर रविवारी दुपारी आप्पा स्वतःच म्हणायचे, त्या लोकांचं लाव. भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकायचे. पाय हलत नसे, बोट हलत नसे. साळवेभाऊ टेपबरोबर खोकं वाजवायचे. असे तीन-चार रविवार गेले, आणि एका दुपारी आप्पा डोळे न उघडता म्हणाले:

"तिसरा ठोका लवकर टाकतोस."

साळवेभाऊंचा हात थांबला.

"घाई करतोस. दुसऱ्यानंतर श्वास घे. मग तो आपोआप पडतो."

हे मला सांगताना साळवेभाऊंचा आवाज बदलला. "चाळीस वर्षं त्या माणसाने कशाला हात लावला नव्हता, मॅडम. चाळीस वर्षं. आणि मी वीस वर्षं पनामाच्या तबकड्या घासून ज्या चुकीचा शोध घेत होतो, ती त्यांनी चार दुपारी भिंतीला टेकून पकडली." त्यांनी खिशातल्या कांड्यांवर हात ठेवला. "मी श्वास घेऊन वाजवलं. पडला. अगदी जागेवर पडला."

आप्पा पुढे दोन वर्षांनी गेले. शब्द मात्र तसाच राहिला.

*

आमच्या पंपांची एक मोठी ऑर्डर कोलंबियाहून आली, काली नावाच्या शहराजवळच्या एका साखर कारखान्याची. माल तपासायला त्यांचा इंजिनीअर आला. वालेन्सिया नाव. धिप्पाड, काळा, पन्नाशीचा, आणि अत्यंत कडक. पहिल्याच दिवशी त्याने तीन पंपांची कंपनं पुन्हा मोजायला लावली. हॉटेलचं जेवण त्याला सोसत नव्हतं. तो कुणाशी बोलत नव्हता. आमचे मॅनेजर घाम पुसत फिरत होते, आणि इंग्रजी बरं म्हणून त्याच्याबरोबर मला दिलेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो जेवला नाही. हवा खायला आवारात निघाला, मी मागे. पॅकिंग विभागाच्या कोपऱ्याशी आलो आणि तो थबकला. मला वाटलं, ह्याला चक्कर येतेय.

साळवेभाऊ पाठमोरे होते. त्याच्याच देशाला जाणाऱ्या एका खोक्यावर बसून वाजवत होते. स्टोअरचा एक जण त्यांच्या कांड्यांवर क्लावे धरून होता.

 वालेन्सियाने डोक्यावरचं हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं. भिंतीशी रंगाचा एक रिकामा डबा होता, तो उचलला, शेजारची एक लोखंडी पट्टी घेतली, आणि साळवेभाऊंच्या मागे उभा राहून डब्याच्या काठावर ठोका सुरू केला. साळवेभाऊंनी मागे वळून पाहिलं नाही. फक्त मान जराशी तिरकी केली, जशी ते लेथवर टूलचा आवाज ऐकताना करत, आणि स्वतःच्या हाताखाली जागा करून दिली. मी ते पाहिलं. त्यांनी काही ठोके काढून घेतले, आणि त्या रिकाम्या जागांत डबा येऊन बसला.

किती वेळ चाललं कोण जाणे. शॉपमधून माणसं येऊन उभी राहिली. मॅनेजर आले आणि तेही उभे राहिले. त्या सेफ्टी शूजमध्ये वालेन्सियाचे पाय असे काही फिरत होते की आमचे वेल्डर तोंड उघडं टाकून बघत होते. थांबले तेव्हा दोघेही एकदम थांबले, एकाच ठोक्यावर, कुणी खूण न करता.

वालेन्सियाने मला इंग्रजीत विचारलं, "ह्यांचे गुरू कोण? क्युबाला कधी होते हे?"

मी भाषांतर केलं. साळवेभाऊ उठून उभे राहिले, हात पुसले. "त्यांना सांगा, पासपोर्ट नाहीये माझ्याकडे. पनामाची एक टेस्टिंगची कॅसेट होती. आणि..." ते जरा अडखळले. "आणि वडील होते."

मग त्यांनी वहीतून पाठ केलेला एक शब्द वापरला. छातीवर हात ठेवून म्हणाले, "कोरासोन." तेवढंच. वालेन्सियाने त्यांना कवेत घेतलं, तेलकट कपड्यांसकट.

उरलेली सुट्टी तो बोलत राहिला. त्याच्या शहरात ह्या तबकड्या बंदरावरून आल्या, खलाशांच्या हातून. त्याच्या वडिलांच्या पिढीच्या पोरांना त्या संथ वाटल्या, म्हणून त्यांनी त्या मुद्दाम जास्त वेगावर लावल्या आणि त्या वेगावर नाचायला शिकले. म्हणून कालीचे पाय जगात सगळ्यात चपळ. "माझ्या आजीची आजी ऊस तोडायची," तो म्हणाला. "मी साखर कारखान्यात इंजिनीअर आहे. आणि इथे, जगाच्या ह्या बाजूला, उसाचा पंप बनवणारा माणूस मला माझ्या आजीचा हात ऐकवतो."

आमच्या मॅनेजरांना वाटलं, झालं, आता सगळा माल पास. दुपारी तीन वाजता वालेन्सियाने एक पंप नापास केला.

मी रागाने साळवेभाऊंना सांगायला गेले. ते खूश झाले. "मग! योग्यच केलं. तो हलत होताच. मी सकाळी ऐकला होता."

*

निवृत्तीनंतर साळवेभाऊ मुलाकडे बदलापूरला राहायला आले. मीही बदलापूरचीच, पण आमची भेट अधूनमधून. माझ्या मुलीने इथे एका जिमच्या वरच्या मजल्यावर साल्साचा क्लास लावला. तिची शिक्षिका ऋतुजा, पंचविशीची, उत्साही. एकदा मी सहज विचारलं, हे मूळचं कुठलं गं? ती हसली. "लॅटिन आहे काकू, पार्टी डान्स. मलाही जास्त नाही माहीत. आम्ही वन-टू-थ्रीच्या काउंटवर शिकतो." खोटं न बोलणारी मुलगी. मी म्हटलं, एक माणूस आणते.

साळवेभाऊ रविवारी सकाळी आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, वय सदुसष्ट, मान तशीच ताठ. समोर तीस-एक मुलंमुली, आयटीवाली, एक नर्स, एक जिम ट्रेनर. त्यांनी सगळ्यांना जमिनीवर बसवलं आणि स्पीकर बंद करायला सांगितलं. वीस मिनिटं नुसत्या टाळ्या. पोरं आधी हसली, मग चुकली, मग गप्प झाली. विसाव्या मिनिटाला ती खोली एका श्वासाने टाळी वाजवत होती. तेव्हा त्यांनी बोलायला सुरुवात केली. मासळीची खोकी, गोदी, न्यूयॉर्क. आप्पांबद्दल ते काही बोलले नाहीत.

शेवटी त्या ट्रेनरने विचारलं, "काका, तुम्ही स्वतः नाचत का नाही पण?"

"सगळेच फिरले तर एकाने जागेवर उभं राहायला नको का?" ते म्हणाले. "मी तो आहे."

ऋतुजा त्यांच्या पाया पडायला वाकली, तर ते मागे सरले. "उभी राहा. पाय मोकळे ठेव. तुला त्यांचं काम आहे."

मी रिक्षा बोलावते म्हटलं, तर नको म्हणाले. चालत जातो, जवळच आहे. मी वरच्या खिडकीतून त्यांना बघत राहिले. ते माझं त्यांना शेवटचं पाहणं. पावसाळ्यानंतर त्यांच्या मुलाचा फोन आला, झोपेतच गेले.

क्लासच्या त्या रविवारी, मी खिडकीत उभी असताना, रस्त्यावरून एका लग्नाची मिरवणूक चालली होती. भर उन्हात टेम्पो, त्यावर बँजो पार्टी, पुढे नाचणारी पाहुणेमंडळी. साळवेभाऊ रस्ता ओलांडायचे थांबले. टेम्पोच्या मागे एक पोरगेलासा वादक गळ्यात ताशा अडकवून चालत होता, वैतागलेला, घामाघूम. साळवेभाऊ त्याच्या बाजूने चालू लागले. त्याच्या कानाशी काहीतरी बोलले. मग दोन बोटांनी त्याच्या खांद्यावर ठोके देत चार-पाच पावलं गेले. पोराने मान हलवली, काय हे, म्हणून. पुन्हा ठोके दिले. पोराने करून पाहिलं, चुकला, हसला, पुन्हा धरलं.

मिरवणूक वळणावर गेली. साळवेभाऊ कडेला थांबले, कपाळावर हात धरून बघत. मग टेम्पो दिसेनासा झाला, आणि इमारतींच्या पलीकडून, बँजोच्या त्या सगळ्या गदारोळाखालून ते मला ऐकू आलं. तीन. मग एक श्वास. मग दोन. आणि पलीकडे नाचणाऱ्या बायकांनी एकदम केलेला गलका.

साळवेभाऊंनी खिशातून रुमाल काढला, मान पुसली आणि ते घराकडे चालू लागले.